पश्चिमेच्या खिडकीतली काच

मी काच बोलतेय. तोंड बघायची नव्हे, शोकेसमधलीही नव्हे; साधी खिडकीची. फरक एवढाच, की अंगातून बारीकशी वीज सोडली की मी हळूहळू निळी-सावळी होते. उन्हाची धग अडवते आणि तरी बाहेरचं सगळं दिसू देते. मला घडवणारे मला 'शहाणी काच' म्हणतात. माझं कसलं शहाणपण? बटण ज्याच्या हातात, त्याच्याकडे असेल तेवढंच.

माझा जन्म सुराबाया शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. दोन काचांच्या मध्ये केसाहून पातळ थर भरून, कडा बंद करून मला उभं केलं. माझ्या बहिणी चकचकीत नव्या टॉवरांत गेल्या. मला मात्र वेनिंगने मागून घेतलं.

वेनिंग कंपनीतली इंजिनियर. तिशीतली, उन्हात फिरून रापलेली. तिचं एकच म्हणणं होतं: नव्या इमारती मूठभर, जुन्या मात्र शहरभर. चाळीस वर्षांपूर्वीच्या पातळ काचांमधून त्या भट्टीसारख्या तापतात. भिंत फोडायची नाही, माणसं हलवायची नाहीत. जुन्या चौकटीत आतून दुसरी काच बसवायची. अर्ध्या दिवसाचं काम.

तिचे साहेब हेरलांबांग विक्रीचं बघायचे. त्यांनी विचारलं, "अशा इमारती आहेत तरी किती?"

"चार पेठा पायी हिंडून मोजल्यात साहेब. अकराशेच्या वर."

साहेबांचे डोळे लकाकले. "मग खरा बाजार तिथे आहे! कुठेतरी एक काच लाव आणि मला आकडे आणून दे."

वेनिंगने जागा निवडली ती कालीमास नदीकाठच्या एका लहानशा धर्मादाय रुग्णालयातली. दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसची खोली, पश्चिमेला चार खिडक्या, समोर ओळीने खाटा. दुपारी दोन वाजले की ऊन खाटांवर चढायचं. माणूस चार-चार तास यंत्राला जखडलेला, कूस बदलायची सोय नाही. त्यात पाणी घोट-घोट मोजून प्यायचं. पडदे ओढावेत तर आत कोंडून यायचं. मी बरंच ऊन झेललंय, पण पळता न येणाऱ्या माणसांवर पडणारं ऊन तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

ज्या खाटेजवळ मला बसवलं, त्या खाटेवर कासियाती असायची. पुलाच्या टोकाला तिची रुजाकची गाडी होती. कच्ची फळं, भाज्या, वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी. मूत्रपिंडं गेली आणि गाडी बंद पडली, जीभ मात्र चालू राहिली.

"काय गं पोरी, ही काच उन्हाने काळी पडते म्हणतेस? मग त्यात नवल काय? मीपण पडले!"

वेनिंग हसली. "मावशी, तुम्ही पुन्हा गोऱ्या नाही झालात. ही होते."

तिने बटण दाबलं. मी सावळत गेले. कासियातीच्या चेहऱ्यावरून ऊन उतरलं. नदीत एक होडी चालली होती, कासियाती ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग डोळे मिटून झोपून गेली. नर्स एन्दाह वेनिंगच्या कानात म्हणाली, "दोन वर्षांत ही बाई या खाटेवर कधी झोपली नव्हती."

पुढच्या आठवड्यापासून माझ्यापाशी झोपायला भांडणं लागली. "मावशी, आज मला येऊ द्या ना तिकडे!" कासियातीनेच तोडगा काढला: पाळीपाळीने. स्वतःची पाळी तिने दोनदा एका तापाने फणफणलेल्या मास्तरांना दिली.

तीन महिने वेनिंग रोज तापमान लिहून नेत होती. माझ्यापाशी पाच अंश कमी भरलं. आकडे पोचले तसे हेरलांबांग साहेब छायाचित्रकाराला घेऊन आले. कासियातीची चादर बदलली, तिला हसायला लावलं.

हसता हसताच तिने विचारलं, "साहेब, बाकीच्या तीन खिडक्यांना कधी?"

"लवकरच, आई! पहिला मान तुमचाच."

मान मिळाला तो एका मॉलला आणि दोन हॉटेलांना. कासियातीचं हसू दाखवूनच ती कामं मिळाली होती. महिनाभरात साहेब पुन्हा आले, ते मला न्यायला. प्रदर्शन होतं. रुग्णालयात वापरून पाहिलेली काच म्हणून मीच हवी होते.

वेनिंग दारातच अडून राहिली. "मग हिच्या जागी दुसरी द्या."

"फुकट? अगं, आपण बाजार शोधायला आलो होतो, धर्मशाळा बांधायला नाही. ज्याला ऊन लागतं त्याच्याकडे पैसा नसतो. ज्याच्याकडे पैसा असतो त्याला ऊन लागत नाही, त्याला मिरवायला काच लागते. एवढं कळलं की धंदा कळला."

"निदान संध्याकाळपर्यंत तरी थांबा. मावशी यंत्रावर आहेत."

"टेम्पो खाली उभा आहे."

अडीच वाजले होते. कामगारांनी मला चौकटीतून सोडवलं आणि ऊन झडप घातल्यासारखं खाटेवर पडलं. कासियातीने डोळ्यांवर हात घेतला. दुसऱ्या हातात सुया होत्या. ती कामगारांना म्हणाली, "जपून रे बाबांनो. ओरखडा उठला तर तिकडच्यांना आवडायची नाही."

कामगारांनी माना खाली घातल्या. मला भिंतीला टेकवून ते तसेच उभे राहिले. मग वेनिंग पुढे झाली. जिथून मला काढलं होतं, त्या खिडकीत ती पाठ करून उभी राहिली. तिची सावली नेमकी कासियातीच्या तोंडावर पडली.

"अगं, भाजशील. बस जरा."

"तुमचं होऊ दे, मावशी."

ऊन सरकलं तशी तीही सरकत गेली. दीड तास. खालून टेम्पोचा भोंगा वाजत राहिला. साहेब दोनदा वर आले, घड्याळ बघून परत गेले. यंत्र थांबलं तेव्हा वेनिंगचा सदरा पाठीला चिकटला होता. तिने खिशातलं कंपनीचं ओळखपत्र काढून साहेबांच्या हातात दिलं आणि जिना उतरून गेली. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात. इथे गरज सरली आणि रोग्यालाच उन्हात टाकलं.

आज मी एका प्रदर्शनाच्या दालनात उभी आहे. इथे खिडकी नाही, ऊन नाही. पाठीमागे एक मोठा दिवा लावलाय, तोच सूर्य. लोक येतात, बटण दाबतात, मी सावळते, टाळ्या पडतात. शेजारी कासियातीचा हसरा फोटो आहे, माझ्याहून मोठा. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "या बाई आता कशा आहेत?"

"अगदी मजेत!" हेरलांबांग साहेबांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं.

ती आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही. तुम्ही कधी इथे आलात तर टाळ्या वाजवू नका. ते बटणही राहू द्या. साहेबांना एवढंच विचारा, की कालीमासकाठच्या त्या खोलीत आज दुपारी ऊन कुठवर आलं होतं. उत्तर मिळायचं नाही. पण निदान एकदा, या खोट्या उजेडात, त्यांना गप्प बसलेलं मला पाहू द्या.