मावशीचं नाक

“पुन्हा फुंक,” मावशी म्हणाली.

कारागिराने तिच्या चेहऱ्यावर पुन्हा श्वास सोडला. सकाळच्या चहाशिवाय त्यात काही नव्हतं. नऊ वर्षांत तिने त्याला दोनदा फुंकायला कधी लावलं नव्हतं. मागे पाव घेऊन आलेला माणूस उभा होता, त्याने नजर पावांकडे वळवली.

“पटलं आता?”

“हात का थरथरतोय?”

“म्हातारा झालो, मावशी.”

“म्हातारी मी आहे. जा आत.”

प्रार्थनाघरामागच्या या घरात दारू सोडायला आलेली माणसं राहत. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी मावशीच्या तोंडावर फुंकायचं, मग तो सेवेला आलेला असो की खुद्द पास्टर असोत. मावशी इथली स्वयंपाकीण. दारूत गेलेल्या तिच्या नवऱ्याने लवंगा चघळून, कांदा खाऊन, टूथपेस्ट गिळून तिला फसवायचे सगळे प्रकार करून पाहिले होते. तिचं नाक त्यातून तयार झालं होतं.

कारागीर म्हणजे न्हावी. नऊ वर्षांपूर्वी तो याच घरात, याच खुर्चीत लटलट कापत बसला होता आणि कुणीतरी त्याची दाढी करून दिली होती. इथे मिळालेलं परत करायचं नसतं, पुढच्याच्या हाती द्यायचं, असं पास्टर तेव्हा म्हणाले होते. तेव्हापासून दर शनिवारी तो नव्याने आलेल्यांची दाढी करी. एकच शनिवार चुकला होता, आणि त्या आठवड्यात तो गुत्त्याच्या पायरीपर्यंत जाऊन आला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हात थरथरतो तो दारूमुळे नव्हे, वयामुळे, आणि आता वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाला होता. तेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

खुर्चीत एक ट्रक ड्रायव्हर होता. दारू सोडून त्याला चार दिवस झाले होते.

“मामा, तुम्ही हलताय की मी?”

“तू.”

“मग बरंय.”

एक गाल नीट झाला. दुसऱ्या गालावर वस्तरा टेकला आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

“असू द्या,” ड्रायव्हर म्हणाला. “आजवर पडून पडून एवढा फुटलोय, त्यात हे काय.”

चिडला असता तर बरं झालं असतं. कारागिराने त्याच्या गालावर तुरटी फिरवली, वस्तरा पुसून मिटला. सेवेची कामं वाटून देणं मावशीकडे होतं. तिला सांगून टाकावं, दुसरा कुणी बघा म्हणावं आणि घरी जावं. घरी जाऊन काय करावं, हे मात्र त्याला सुचेना.

“बस जरा. आलोच.”

बोळातच त्याला करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात मावशी शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, गीत गुणगुणत पाव कापत बसली होती. पातेल्यावर झाकण होतं. त्याने गॅस बंद केला. खटक्याचा आवाज झाला तशी ती वळली.

“दूध,” तो म्हणाला.

तिने झाकण काढलं. पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला, मग आणखी एकदा. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

कारागीर स्टुलावर बसला.

“कधीपासून?”

“थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून.”

“आणि दारात?”

“डोळ्यांत बघते. हातांकडे बघते.” ती पुन्हा पाव कापू लागली. “एक जण पिऊन शिरला तसाच. त्याच्या खाटेखाली बाटली सापडली. पास्टर म्हणाले, कुणीतरी खिडकीतून दिली असेल. मी गप्प बसले.”

त्याने आपला हात टेबलावर ठेवला. शेजारच्या बशीतला चमचा वाजू लागला. मावशीने चमचा उचलून बाजूला ठेवला.

“दारू नाही ना?”

“नाही.”

“मग दारात सांगायला काय झालं होतं तुला?”

“तुम्हाला काय झालं होतं?”

तेवढ्यात बेल वाजली. मावशी पदराला हात पुसत उठली. तो तिच्यामागोमाग गेला. आईला भेटायला दोन दिवस घरी गेलेला एक जण दारात पिशवी घेऊन उभा होता.

“फुंक.”

त्याने फुंकलं. मावशीने नेहमीसारखं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मग तिने कारागिराकडे बघितलं. विडीचा वास होता, बाकी काही नव्हतं. कारागिराने मान डोलावली.

“जा आत,” मावशी म्हणाली.

दोघं बोळातून परतली.

“माझी एक दाढी अर्धीच राहिलीय,” कारागीर म्हणाला.

“चल, मी डोकं धरते. नवऱ्याचं तीस वर्षं धरलंय.”

तिने खुर्चीमागे उभं राहून ड्रायव्हरचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्याने एक डोळा उघडून वस्तऱ्याकडे पाहिलं.

“मावशी, माझं डोकं सोडा. त्यांचा हात धरा.”

तिने कारागिराचं मनगट धरलं. पीठ मळून मळून कडक झालेली तिची बोटं. वस्तरा हळूहळू खाली सरकू लागला.

“पास्टरांना सांगावं लागेल,” कारागीर म्हणाला.

“सांगू की. रविवारी, उपासना झाली की. दोघं मिळून.”

“उद्याच रविवार आहे, मावशी.”

मनगटावरची तिची पकड घट्ट झाली.

“हनुवटी राहिली,” ती म्हणाली.