करड्या गाडीचं बोनेट

कारगिलमध्ये थंडीत जुनी गाडी घेणारा माणूस आधी टायर बघत नाही. सकाळी येऊन बोनेटवर हात ठेवतो. बोनेट थंड असेल तरच किल्ली फिरवायची. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल, तर गारठ्यात गाडी सुरू होते की नाही, हे कळणार कसं?

माझा चुलतभाऊ स्कर्मा नोव्हेंबरअखेरीस गाडी घ्यायला आला, तेव्हा मी सोबत होतो. त्याच्या बायकोला, यांगडोलला, नववा महिना होता आणि बाळ आडवं होतं. ऑपरेशन कारगिललाच होणार, आमचं गाव खिंडीपलीकडे. दोन वर्षांपूर्वी त्याच खिंडीत स्कर्माचा थोरला भाऊ, त्याचा अचो लोबझांग, डिझेल गोठल्याने अडकला होता. तिसऱ्या दिवशी सापडला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला.

जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या मेहदी उस्तादांच्या अंगणात दोन एसयूव्ही होत्या. करडी डिझेलची, लाल पेट्रोलची.

"चढाला डिझेलच," उस्ताद म्हणाले. "पेट्रोल वर गेलं की म्हाताऱ्यासारखं धापा टाकतं."

"म्हातारा पोचतो तरी," स्कर्मा म्हणाला. "डिझेल गोठलं की बसतंच."

"मग लाल घे ना! माझं डोकं कशाला खातोस?"

"दोन्ही रात्रभर उघड्यावर राहू द्या. किल्ल्या माझ्याकडे."

सकाळी उणे एकोणीस होतं. वीतभर बर्फ पडलं होतं, अंगणात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. बर्फ झटकल्यावर लाल गाडीचं बोनेट बोटांना चिकटलं. करड्या गाडीच्या टपावर बर्फ होतं, बोनेट मात्र उघडं. मी हात ठेवला आणि झटकन काढला. घाट चढून आल्यासारखं तापलेलं.

उस्तादांनीही हात लावून पाहिला. "किल्ली तुझ्याच खिशात आहे ना रे?"

स्कर्माने बोनेट उचललं. ऑइल मोजायच्या सळईच्या कडीला खतकची, आशीर्वाद म्हणून गळ्यात घालतात त्या रेशमी वस्त्राची, मळकी चिंधी होती, तीन गाठींची. अशा गाठी त्याची आई मारायची. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"इंजिन कुठलं, उस्ताद?"

"खिंडीतून ओढून आणलेल्या गाडीचं. भंगारात मिळालं. कोणाचं ते विचारलं नाही, बाबा."

स्कर्माने किल्ली लावली. पहिल्याच फेरीत इंजिन धडधडलं. तो ऐकत राहिला, मग बंद केलं.

"अचो मला न्यायला आलाय की पोचवायला, ते मला कळत नाही," तो म्हणाला. "लाल द्या."

सहाव्या दिवशी यांगडोलला घेऊन आम्ही खिंड चढत होतो. पेट्रोल खरंच धापा टाकत होतं. लोबझांग सापडला त्या वळणावर गाडीने आचके दिले. स्कर्माने ब्रेककडे पाय नेला, तोच मागून डिझेलची धडधड आली. अगदी जवळून.

"त्याला पुढे तरी जाऊ द्या," यांगडोल म्हणाली. "कधीचा मागे लागलाय."

आरशात रस्ता रिकामा होता. मी मागे वळून पाहिलं. बर्फावर फक्त आमच्या चाकांच्या खुणा होत्या.

स्कर्मा थांबला नाही. धडधड उतार लागेपर्यंत मागे होती, मग बंद झाली.

मुलगी झाली, दोघीही सुखरूप. तिसऱ्या दिवशी ऑइल तपासायला लाल गाडी उस्तादांकडे नेली. त्यांनी बोनेट उचललं आणि तसेच उभे राहिले. सळईच्या कडीला मळकी चिंधी होती. तीन गाठी.

"तुम्ही बांधलीत?"

"मेल्या माणसाच्या वस्तूला मी हात लावीन होय?"

करडी गाडी जागची हललेली नव्हती. स्कर्माने बोनेटवरचं बर्फ बाजूला केलं आणि तळहात टेकवला. पत्रा थंडगार होता. चामडी चिकटली, तरी त्याने हात उचलला नाही.