आंधळा हंडा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे, गोडेतेलाच्या डब्याचा. आंब्याच्या पेटीवर खूण उमटवायचा छापा. माझ्या अंगात हंड्याच्या आकाराचं भोक आहे, खाली चालती दोन पावलं. पावस गावात परशुराम आंब्याच्या पेट्या ठोकतात, त्यांच्या पडवीत मी खिळ्याला टांगलेला असतो.

हा हंडा मूळचा त्यांच्या मुलाचा, धाकूचा. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात विहिरी आटल्या, तेव्हा त्याने एस.टी. थांब्यासमोरच्या सिमेंटच्या भिंतीवर गेरूने चित्र काढलं. रिकामे हंडे आपल्या पायांनी पुढाऱ्याच्या दारी निघालेत, आणि प्रत्येकाच्या पोटावर एकच डोळा, रोखून बघणारा. गाडीची वाट बघणाऱ्या बाया हसायच्या. "ह्यो पुढचा माझा गो, पोचा बघ त्याचा!"

मग पुढाऱ्यांचा दौरा ठरला. भिंत पांढरी करायचं काम परशुरामांकडे आलं, आणि त्यांनी ते घेतलं.

"बाबा, तुम्ही?" धाकू एवढंच म्हणाला.

"मग? त्यांच्याशी वाकडं घेऊन पेट्या कोणाच्या ठोकू?"

धाकू सकाळच्या गाडीने मुंबईला गेला. पत्र नाही, निरोप नाही.

पुढच्या हंगामात बागवाल्या कमळाकाकू आल्या. धाकूच्या पाठच्या बहिणीला म्हणाल्या, "कुसुम, मुंबईत वाशीच्या बाजारातल्या हमालांना अक्षर कळत नाही. आमच्या पेट्यांना चित्राची खूण दे."

पुसलेली भिंत कुसुमच्या डोळ्यांत तशीच होती. तिने डबा उलगडला, ठोकून सपाट केला आणि छिन्नीने मला कापलं. पेट्या मुंबईला जातात, दादाही तिथेच आहे. कधीतरी त्याच्या नजरेला पडेल, एवढीच तिची आशा.

पण डोळ्याशी ती चुकली. मधला डोळा धरून ठेवायला कडेपर्यंत पत्र्याची बारीक पट्टी राखावी लागते. तिने ती राखली नाही. शेवटचा घाव बसला आणि डोळा खणकन खाली पडला.

"दुसरा काप," परशुराम म्हणाले.

"नको. डोळा दादाच काढील."

मित्रांनो, आठ हंगाम मी राबलो. रंगाचं फडकं अंगावर फिरायचं आणि फळीवर आंधळा हंडा उमटायचा. ट्रकवाला बाळा ओरडायचा, "भरा रे! हंडा आंधळा, पण आंबा डोळस हाय!" बाजारात माझं नाव झालं. ट्रक परतला की कुसुम विचारायची, "कोणी काय विचारलंन?" बाळा नकाराची मान हलवायचा.

पुढे छापील पुठ्ठ्याचे खोके आले. मला गंज चढला, पालीने माझ्यामागे अंडी घातली. भंगारवाला आला तेव्हा कुसुमने मला पदराखाली लपवलं.

दोन हजार सात साली बाळा एक जुनी रिकामी पेटी घेऊन आला. "वाशीला एकाने दिलीन. म्हणाला, पावसला पोचव. नाव नाय सांगितलंन. बोटं चुन्याने भरलेली."

पेटीवर माझाच हंडा होता, आणि त्याच्या पोटावर पांढरा डोळा. रोखून बघणारा.

कुसुम खाली बसली. परशुरामांनी त्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हातारा म्हणाला, "गेरू आहे काय गो घरात?"

त्यांनी मला रॉकेलने पुसलं, छातीशी धरून थांब्यावर नेलं आणि स्वतः पांढऱ्या केलेल्या त्या भिंतीला टेकवलं. त्यांनी एकामागे एक हंडे उमटवले.

"आणि डोळे?" थांब्यावरच्या एका बाईने विचारलं.

"ते माझे नव्हेत," परशुराम म्हणाले. "ज्याचे आहेत तो येईल."

हंडे अजून तसेच उभे आहेत. प्रत्येक गाडी थांबली की कुसुम आधी गाडीच्या दाराकडे बघते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा. तिच्या भोकातून कोणाची तरी पुसलेली भिंत दिसेल. आणि कोणी चितारलेलं पुसायला हात उचललात, तर आधी एवढं बघा, ते चित्र तुमच्याकडे बघतंय का?