ज्येष्ठ जोडीच्या विरोधात एकशे सतरा

आमच्या कार्यालयात प्रेक्षकांची मतं मोजली जातात. मालिका बनवणारे विचारतात, हिचं लग्न याच्याशी लावू की त्याच्याशी, आणि आम्ही आकड्यांत उत्तर देतो. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा जगात असंही काम असतं हे मला ठाऊक नव्हतं.

पद्धत सोपी आहे. मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी एक नंबर येतो. त्यावर फोन केला, की टूं असा आवाज होतो आणि पुढे एक मिनिट बोलता येतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका दिवसभर हेडफोन लावून ते निरोप ऐकतात आणि शब्द न् शब्द टाइप करतात. त्यांना सगळे कानसेन म्हणतात. त्यांनी टाइप केलेलं माझ्याकडे येतं. मी प्रत्येक निरोपापुढे लिहिते: कोणती जोडी, बाजूने की विरोधात, आणि कारण. कशातच बसत नसेल तर 'इतर'. मालिकेतल्या पडद्यांचं कापड कुठे मिळतं असं एकीने विचारलं होतं, ते 'इतर'.

नियम दोन आहेत. एका फोन नंबरचं एकच मत धरायचं. आणि आपण कुठल्या मालिकेवर काम करतोय हे घरीसुद्धा सांगायचं नाही.

सध्याच्या मालिकेत एक नर्स आहे आणि तिच्यामागे एक डॉक्टर आणि एक वकील आहेत. त्यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ. पण या पंधरवड्यात प्रश्न वेगळा होता. नर्सचे वडील निवृत्त स्टेशनमास्तर, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात, त्याही एकट्याच. दर आठवड्याला मास्तरांच्या शर्टाचं बटण तुटतं आणि ते लावून घ्यायला खाली जातात. आमच्या तक्त्यात या दोघांचं नाव 'ज्येष्ठ जोडी'.

"बटण तुटत नाही हो, तो कात्रीने कापतो," असं एका आजींनी सांगितलं होतं. "आमच्या ह्यांना विचारा, तेही असेच होते."

एक जण म्हणाला होता, "काकूंनी सरळ झिप लावून द्यावी आणि विषय संपवावा."

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं होतं: दोघांचं लग्न लावायचं, की काकूंना भावाच्या गावी पाठवून द्यायचं. गुरुवारी संध्याकाळी मी बेरीज केली. बाजूने एकशे तेरा, विरोधात एकशे सतरा.

"गेल्या काकू," कानसेन म्हणाले.

"चारच मतांचा फरक आहे, काका."

"शास्त्रज्ञ, तुम्हाला चार म्हणजे काहीच नाही. काकूंना विचारा. भावजयीच्या हाताखाली राहायचंय त्यांना."

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. बाबांना मालिकांचं वेड नाही, निदान ते तसं म्हणतात. पण साडेसातला ही मालिका लागली की ते वर्तमानपत्र घेऊन बरोबर टीव्हीसमोर बसतात आणि पान उलटत नाहीत. मी कपड्यांच्या घड्या घालत बघते, म्हणजे कामासाठी बघतेय असं वाटू नये.

दोनेक आठवड्यांपूर्वी, मालिका संपल्यावर, बाबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं होतं, "तुला काय वाटतं गं, त्यांनी लग्न करावं का?"

त्या दिवशी मी तीनशे निरोप वाचून आले होते. म्हटलं, "कशाला बाबा? या वयात हसं होईल त्यांचं. आणि त्या मुलीच्या डोक्याला ताप."

"तेही खरंच," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

हे मला गुरुवारी आठवलं नाही. शुक्रवारी सकाळी आठवलं, आणि तेही एका विचित्र कारणाने.

अहवालात विरोधाची कारणं लिहायची म्हणून मी ते एकशे सतरा निरोप सलग वाचत होते. पंचविसावा असा होता: "पहिली गोष्ट अशी की त्यांना वयात आलेली मुलगी आहे. तिला हे आवडणार नाही. दुसरी गोष्ट... राहू दे." पुढे एकेचाळिसावा: "पहिली गोष्ट अशी की लोक हसतील. त्याहून जास्त म्हणजे मुलीला ओशाळं वाटेल. दुसरी गोष्ट राहू दे." मग साठावा. मग एकाहत्तरावा. दुसरी गोष्ट प्रत्येक वेळी राहूनच जात होती.

"काका, हा माणूस एकच आहे का?"

कानसेनांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "कोण, राहू दे? रोज साडेआठला येतो. बिचारा शेवटी फोन ठेवायचंही विसरतो. मागे टिकटिक ऐकू येते. एक नाही, पन्नास घड्याळांची."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्ही नंबर बघता."

मी नंबर बघत नव्हते. महिन्यापूर्वी नवीन यंत्रणा आली. तिच्यात प्रत्येक निरोपाला आपोआप क्रमांक पडतो आणि फोन नंबरचा रकाना झाकलेला राहतो. मी निरोपांचे क्रमांक मोजत होते, माणसं नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्याला हसले असते.

रकाना उघडला. नऊ निरोप, एकच नंबर. दुकानाचा. तो मला पाठ आहे, कारण दुकानाच्या पाटीवर मीच तो रंगवून घेतला होता.

मी पाण्याची बाटली भरायला खाली गेले. ती आधीच भरलेली होती.

मग बाकीचं आठवू लागलं. बाबा हल्ली आठला "एका गिऱ्हाइकाचं घड्याळ द्यायचंय" म्हणून पुन्हा दुकानात जायचे. आणि डबा. बाबांना डबा मी भरून देते. गेली सात वर्षं तो संध्याकाळी खरकटा परत यायचा. गेले दोन-अडीच महिने तो घासलेला येत होता, झाकणाची रबरी रिंगसुद्धा काढून, पुसून, परत बसवलेली. बाबा दीड मिलिमीटरचा स्क्रू चिमट्याने बसवतात, पण डब्याला रिंग असते हे त्यांना माहीत असेल याची मला खात्री नाही. मी हे पाहिलं होतं. त्यातून काही काढलं मात्र नव्हतं.

आधी काम. मी सगळे दुहेरी निरोप शोधले. विरोधातले बाबांचे आठ कमी झाले. बाजूने बोललेल्या एका बाईंनी तीनदा फोन केला होता, त्यातले दोन कमी झाले. बाजूने एकशे अकरा, विरोधात एकशे नऊ. बाबांचं एक मत मी विरोधातच ठेवलं. त्यांनी सांगितलेलं तेवढंच होतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडमना जाऊन चूक सांगितली. कुणाचा नंबर ते सांगितलं नाही. तो तसाही कुणालाच सांगायचा नसतो.

"म्हणजे आता लग्न?" मॅडमनी विचारलं.

"नाही. दोन मतांचा फरक म्हणजे नाणं उडवल्यासारखं आहे. प्रेक्षकांचं ठरलेलं नाही, एवढंच म्हणता येईल."

"अगं, मला त्यांना एक वाक्य द्यायचंय."

"हेच वाक्य आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग फोन लावला. "ऐका, प्रेक्षक अर्धे-अर्धे आहेत. हो. नाही, पाठवू नका त्यांना गावी. तुटू देत बटणं अजून महिनाभर." फोन ठेवून म्हणाल्या, "बरं झालं. त्यांना लांबवायचंच होतं. तू जेवलीस का? चेहरा काय झालाय."

मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

बाबांचं दुकान म्हणजे आठ फूट रुंद खोली. तिन्ही भिंतींवर घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ, कारण दुरुस्त झालेली गिऱ्हाईक घेऊन जातं आणि उरतात ती दुरुस्त व्हायची असतात. बाजूला चष्म्यांचं दुकान आहे. मधे प्लायवूडची भिंत. चष्मेवाल्या बाईंना मी शाळेपासून ओळखते, माझा पहिला चष्मा त्यांनीच बनवला. नवरा गेल्यावर दुकान त्याच चालवतात.

बाबा डोळ्याला भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. टेबलावर दोन डबे होते. दोन्ही घासलेले.

"तू आत्ता? बरं नाही का?"

"बरी आहे. बाबा, तुम्ही मला एक विचारलं होतं. त्या मालिकेतल्या मास्तरांचं."

"कुठल्या मालिकेतल्या?" बाबांनी भिंग काढलं नाही.

"तुम्ही वर्तमानपत्र वाचत असता ती."

"हां. ती. त्याचं काय?"

"मी विचार न करता उत्तर दिलं होतं. दमले होते. ते धरू नका."

"धरू नको म्हणजे?"

"म्हणजे ते मत मोजू नका. मला त्या मुलीच्या जागी ठेवून विचारा, मग सांगते."

चिमटा हवेत थांबला. बाबांनी तो हळूच खाली ठेवला, उघड्या घड्याळावर काचेचं झाकण ठेवलं, मग भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता.

"पहिली गोष्ट अशी की," ते म्हणाले, "मालिका वेगळी आणि—"

"पहिली राहू दे. दुसरी सांगा."

"दुसरी काय?"

"तुमची दुसरी गोष्ट नेहमी राहते. आज तेवढीच ऐकायला आलेय."

बाबांनी प्लायवूडच्या भिंतीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांनी विचारलं मला. स्वतःहून. सरळ विचारलं, जेवताना. पंधरा दिवस होऊन गेले. मी म्हटलं, सांगतो. आणि मग..." त्यांनी टेबलावरचा एक स्क्रू बोटाने फिरवला. "मग तू म्हणालीस, हसं होईल."

"मी मास्तरांबद्दल म्हणाले होते."

"मी पण मास्तरांबद्दलच विचारलं होतं."

टिकटिक खरंच पन्नास घड्याळांची होती.

"तुम्हाला काय हवंय, बाबा?"

"मला," ते म्हणाले आणि थांबले. मग एका दमात म्हणाले, "मला जेवताना समोर त्या असल्या की बरं वाटतं. बस. एवढीच आहे दुसरी गोष्ट. फार मोठी नाही."

"मग मी बाजूने आहे."

"विचार करून सांगतेस ना? की आजपण दमली आहेस?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकून सांगतेय."

"आणि लोक?"

"लोक अर्धे-अर्धे आहेत."

"तुला काय माहीत?"

"अंदाज."

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी घड्याळं बघू लागले. त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि नियम मोडायची वेळ माझ्यावर आली नाही.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं. या दुकानात हा प्रश्न विचारायची पाळी त्यांच्यावरच येते. मी फोन बघून सांगितलं, पावणेतीन. "तीनला त्या जेवणाची सुट्टी संपवून शटर उघडतात. मग गिऱ्हाइकं येतात." ते उठले, शर्ट खाली ओढला. दोन डब्यांपैकी त्यांचा नसलेला उचलला. "हा द्यायचाच होता," म्हणाले, जणू मी विचारलं होतं.

"जा. मी बसते दुकानात."

ते गेले. मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि कशालाही हात लावला नाही. एक गिऱ्हाईक पायरीशी आलं, हातात पावती.

"झालंय का घड्याळ? मालक कुठे गेले?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, टूं झाल्यावर माणसं बोलतात तसा: "दुसरी गोष्ट अशी की—"

"बसा जरा," मी गिऱ्हाइकाला म्हटलं. "एका मिनिटाचं काम आहे त्यांचं. पण आज थोडा जास्त वेळ लागेल."