ठमाबाईचं ‘हो’

पावणेनऊला शाळेची गाडी येते आणि उचलाउचल सुरू होते. गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून गादीवर, गादीवरून संडासात आणि परत खुर्चीत. एकतीस मुलं, त्यातली चौदा उभी राहू न शकणारी. मी इथली विशेष शिक्षणाची प्रमुख. कागदावर मी प्रत्येक मुलाची योजना आखते, शिक्षिकांना मार्गदर्शन करते आणि पालकांशी समन्वय साधते. प्रत्यक्षात मदतनीस मावशी रजेवर असली की डायपरही मीच बदलते. एकोणतीस वर्षं झाली. कंबरेला पट्टा बांधल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. नवरा म्हणतो, तुझ्याआधी तुझी कंबर निवृत्त होणार.

ठमाबाई त्या चौदांपैकी एक. हे नाव मावशीने ठेवलेलं, आणि मुलीच्या आईलाही ते आवडतं. वय तेरा, वजन बेचाळीस किलो. ती बोलत नाही, चालत नाही. उजवा हात तेवढा तिचं ऐकतो, तोही त्याची मर्जी असेल तर. तिची आई शिलाईच्या कारखान्यात काम करते. वडील ठमाबाई दोन वर्षांची असतानाच घर सोडून गेले. यंदा आईच्या मणक्याने दगा दिला. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आणि तीन वर्षं यादीत नाव असलेल्या निवासी संस्थेत नेमकी त्याच महिन्यात एक जागा रिकामी झाली. शुक्रवारी चारच्या आत फॉर्म पोचला नाही, तर ती पुढच्या मुलाला जाणार होती.

आईने एकच अट घातली. “बाई, तुम्ही तिला विचारा. ती हो म्हणाली तरच पाठवीन. मी विचारलं तर मला रडू येईल.”

विचारायची आमची पद्धत ठरलेली आहे. समोर बसायचं, छातीच्या उंचीवर दोन कार्डं धरायची, एक ‘हो’चं, एक ‘नाही’चं. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. मूल ज्या कार्डाला हात लावेल ते त्याचं उत्तर. महत्त्वाचा प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचा. मी तसंच केलं. तिकडे राहायला जायचं का, तिथे तुझी खुर्ची असेल, तुझी गाणी असतील, आई दर रविवारी येईल. तिन्ही दिवस ठमाबाईने मूठ ‘हो’वर आपटली. फॉर्मवर ‘बालकाची इच्छा’ असा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं, ‘मुलगी हो म्हणाली’. आईने खाली सही केली आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरलेला दिसला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या नवीन बाई, म्हणजे नव्या शिक्षिका, माझ्याकडे आल्या. दोनच महिने झाले होते त्यांना. शिकण्यासाठी म्हणून त्या माझ्या तासांचं मोबाईलवर चित्रण करत असत.

“एक दाखवायचं होतं. रागावू नका.”

“रागावू नका म्हटलं की मी आधी रागावते. दाखवा.”

त्यांनी आवाज बंद करून व्हिडिओ लावला. पडद्यावर माझा थकलेला चेहरा, पुढे दोन कार्डं, आणि पाठमोरी ठमाबाई. माझे ओठ हलायचे थांबले आणि माझे डोळे सरळ ‘हो’च्या कार्डाकडे गेले. क्षणभरच. मग मूठ आली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी ठमाबाईचं डोकं आधी माझ्या चेहऱ्याकडे वर उचललं जायचं. कार्डांकडे ती बघतच नव्हती.

नव्या शिक्षिकेला पहिल्या आठवड्यात मी जे भाषण देते त्यातलं पहिलंच वाक्य आहे, डोळे आवरा. ही मुलं वर्षानुवर्षं माणसांचे चेहरे वाचत आलेली असतात, तुमची पापणी हलली की त्यांना उत्तर कळतं. हे मी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या मागे सगळ्या शिक्षिका माझी नक्कल करतात. आणि आता मीच तोंडघशी पडले होते.

“प्रकाश डोळ्यांवर येत असेल,” मी म्हटलं. नवीन बाईंनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं काहीएक चुकलेलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

गुरुवारी मी डोळ्यांवर ओढणी बांधून ठमाबाईसमोर बसले. नवीन बाईंनी कार्डं उलटसुलट करून माझ्या हातात दिली. कुठलं कुठे आहे हे मलाच माहीत नव्हतं. मावशीने निकाल सांगायचा. आधी चित्रांची कार्डं, पाणी आणि गाणी. पेला दाखवला की पाणी, रेडिओ दाखवला की गाणी. पाचपैकी चार वेळा बरोबर. तेवढं तिचं स्वतःचं होतं. मला जरा हुरूप आला. मग ‘हो’ आणि ‘नाही’ घेतली.

“तू हत्ती आहेस का गं?”

“हो म्हणतेय,” मावशी म्हणाली. “तसं मला उचलताना वाटतंच.”

“मी तुझी आई आहे का?”

बराच वेळ काहीच झालं नाही. “हात हवेत आहे,” मावशी म्हणाली. “तुमच्या तोंडाकडे बघतेय. ओढणी ओढायला बघतेय.”

मी ओढणी काढली आणि मुद्दाम ‘नाही’कडे पाहिलं. मूठ ‘नाही’वर आली. ‘हो’कडे पाहिलं, ‘हो’वर आली. माझ्या डोळ्यांत जे असेल ते ती इमानदारीने मला परत देत होती. म्हणजे ‘हो’ माझं होतं. ही मुलगी जावी, असं मला वाटत होतं. तिच्या आईच्या पाठीसाठी वाटत होतं, आणि माझ्या कंबरेसाठीही वाटत होतं. हे शेवटचं मी तोवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“आईला सांगायलाच हवं का?” नवीन बाईंनी हळूच विचारलं. “त्या मागे फिरल्या तर जागा जाईल. मग त्या तिला उचलणार कशा?”

मला वाटलं होतं ही पोरगी मला नीतीचे धडे देईल. ती तर माझ्यापेक्षा थकलेली निघाली.

मूग गिळून बसणं सोपं होतं. रात्र मी कूस बदलत काढली आणि शुक्रवारी दोन वाजता आई फॉर्म न्यायला आली तेव्हा तिला खुर्ची दिली आणि सांगून टाकलं. व्हिडिओही दाखवला. ठमाबाई शेजारीच तिच्या खुर्चीत होती.

व्हिडिओ संपल्यावर आईने मोबाईल टेबलावर ठेवला. “म्हणजे ती हो म्हणालीच नाही.”

“नाही.”

“नाही असंही म्हणाली नाही.”

“तिला हा प्रश्नच कळला नसावा. माझं चुकलं. एवढा मोठा प्रश्न मी तिच्यावर टाकायला नको होता.”

“मीच टाकायला सांगितला ना तुम्हाला.” तिने दोन्ही हात कंबरेवर दाबून धरले. “मी रोज झोपताना स्वतःला सांगत होते, तिचं तिने ठरवलंय. तेवढ्यावर झोप लागत होती हो मला.”

मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने विचारलं. “तिच्या आडून नको. तुमच्या तोंडाने सांगा.”

“पाठवा,” मी म्हटलं. “तुम्ही एकदा पडलात की दोघीही पडाल.”

तिने मान हलवली. माझ्यापुढचं पेन उचललं, ‘मुलगी हो म्हणाली’ यावर रेघ मारली आणि वर लहान अक्षरांत लिहिलं, ‘तिला विचारता आलं नाही. आईने ठरवलं.’ शिलाईचे हात, रेघ अगदी सरळ आली. मग ती खुर्ची ओढून लेकीच्या पुढ्यात बसली. तीन वाजायला आले होते.

“मी पाठवतेय गं तुला,” ती म्हणाली. “तू नाही काही बोललीस. मी पाठवतेय.”

ठमाबाई हसली, अगदी मान मागे टाकून. आईचा आवाज जवळून आला की ती हसतेच, वाक्य कुठलंही असो. या हसण्यावरून काही धरून चालू नका, हे आईला सांगायला मी तोंड उघडलं. पण ती आधीच रडत होती.