जेन्शनचं पहिलं फूल

"सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही," जगन्नाथराव म्हणाले, "पण या फुलाची सख्खी भावंडं एडिसनच्या अकरा मराठी घरांनी अनारशांबरोबर खाल्लीत!"

१९८६ चा मे महिना. एडिसनमधल्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात, पसरट कुंडीतल्या खडीच्या फटीतून, डोंगरमाथ्यावरचं जेन्शन पहिल्यांदाच फुललं होतं. बोटभर उंच, निळंशार. ते बघायला आलेली मंडळी चहाचे कप घेऊन भोवती उभी होती.

"काका, कमॉन!" पीएचडी करणारा अतुल हसला.

"अरे, हे बी आधी थंडी खातं, मग उगवतं. बागकामाच्या क्लबातल्या एका म्हातारीनं पोस्टानं धाडलं. मी फिल्मच्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. त्र्याऐंशीची दिवाळी. तुझ्या काकूला वाटलं, खसखस! इथली काळीच असते ना. दिली अनारशांना लावून. ते खाऊन शेजारच्या चंद्रशेखरला अशी हुडहुडी भरली, की गडी जूनमध्येसुद्धा स्वेटर घालून ऑफिसला!"

हशा पिकला. अनारशांपर्यंतचं सगळं खरं होतं. डबीच्या तळाशी उरलेली चिमूट जगन्नाथरावांनी वाळू-खडीत पेरली आणि कुंडी बर्फात ठेवली. त्याच हिवाळ्यात त्यांच्या बायकोचं, शरयूचं, दुखणं उघड झालं. "माझ्यापायी तुमचं बी वाया गेलं हो. एक तरी फुललेलं बघू दे मला," एवढंच ती म्हणत राहायची.

"मग काकूंनी पाहिलं फूल?" अतुलनं विचारलं.

जगन्नाथरावांनी खडीतलं एक वाळकं पान उचलून खिशात टाकलं.

"पाहिलं म्हणजे? ओव्हरकोटाखाली लपवून कुंडी हॉस्पिटलात नेली मी. खोलीभर असा निळा उजेड पडला, की नर्स येऊन दिवा मालवून गेली. शरयू म्हणाली, बास, फिटलं पारणं..."

 शरयूची धाकटी बहीण मीनाक्षी दोन वर्षांपूर्वी, ताईच्या शेवटच्या दोन महिन्यांत, डॅलसहून येऊन तिच्या उशाशी बसली होती. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"फूल नव्हतं, भावोजी," ती हळूच म्हणाली. "नखाएवढी दोन पानं होती. तीच ताईनं चष्मा मागून घेऊन पाहिली."