उस्तादांपासून कुलपात

ज्या माणसाने शहरातली निम्मी कुलपं उघडून दिली, त्याच्यापासून गोळ्या कुलपात ठेवायच्या, ही कल्पना आईची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं लेक म्हणालीसुद्धा. पण दुसरा उपाय तिलाही सुचत नव्हता.

उस्ताद, म्हणजे लेकीचे बाबा, आपल्या कुलपांच्या दुकानातल्या शिडीवरून पडले आणि पाठ दुखावली, तिथून हे सुरू झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. फारच दुखलं तर झोपताना एक. उस्ताद आधी दुखल्यावर घेत. मग दुखेलसं वाटलं की घेत. मग दुखू नये म्हणून. पाठ केव्हाच बरी झाली, पण ती बातमी उस्तादांपर्यंत पोचली नाही. डॉक्टरांनी हात आखडता घेतला, तेव्हा ते औषधवाल्यांची शटरं फुकटात दुरुस्त करायला लागले.

"सवय कसली? चहाची असते तशी," ते म्हणत.

"चहा कुणी बुटात लपवत नाही," आई म्हणे.

शेवटी आईने सगळ्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, किल्ली लेकीच्या पर्समध्ये गेली. दुसऱ्या दिवशी कुलूप जागच्या जागी, गोळ्या मात्र कमी.

"बाबा, डबा उघडलात?"

"मी कुठे? मी शिंकलो, तो उघडला. कुरकुरत होता बिचारा. तेल घातलंय."

मग लेकीने आकड्यांचं कुलूप आणलं. उस्तादांनी ते बातम्या बघता बघता उघडलं.

"आईची जन्मतारीख ठेवलीस? मी विसरलो असेन म्हणून?"

"हो."

आई क्षणभर सुखावली. रागवायचं होतं हे तिला जरा उशिरा आठवलं.

तेव्हा लेक डबाच उचलून ऑफिसला घेऊन गेली. दिवसभर तिला आपल्या युक्तीचं कौतुक वाटत राहिलं. संध्याकाळी परतली तर जिन्यात घोळका. शेजारच्या शिक्षिकाबाई भाजीची पिशवी घेऊन दाराबाहेर उभ्या, किल्ली आत राहिलेली. दारापुढे उस्ताद गुडघ्यावर. त्यांच्या हातातली तार कुलपाच्या भोकाला शिवत होती आणि घसरत होती. कपाळावरून घाम निथळत होता.

"उस्ताद, राहू द्या, दार तोडू," बाई म्हणाल्या. त्यांनी ते चांगल्या मनानेच म्हटलं होतं.

उस्ताद उठले, लेकीजवळ आले. आवाज अगदी खाली. "बाळा, एक दे. हे दार उघडतो, मग काय बोलायचं ते बोल."

तिने डबा उघडला. न देण्याचं धाडस तिच्यात नव्हतं. सगळे बघत होते, आणि ते तिचे बाबा होते. त्यांनी गोळी पाण्याशिवाय गिळली आणि पायरीवर बसून राहिले. घोळक्याला वाटलं, उस्ताद विचार करताहेत. बऱ्याच वेळाने हातांची थरथर थांबली. मग कुलूप चुटकीसरशी उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी लेकीकडे पाहिलं नाही.

सकाळी ती "डॉक्टरांकडे जाऊ" म्हणाली, तेव्हा ते वाद न घालता चपला घालून उभे राहिले. असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "एकदम बंद करायच्या नाहीत, त्रास होईल. हळूहळू उतरवू. गोळ्या इथे माझ्या कपाटात राहतील. रोज येऊन घेऊन जायच्या."

उस्तादांनी मान डोलावली. त्यांची नजर डॉक्टरांच्या पाठीमागच्या कपाटावर गेली आणि तिथेच थांबली. ती नजर लेकीच्या ओळखीची होती.

"डॉक्टर," उस्ताद म्हणाले, "ते कुलूप बदला."

"का? चांगलं भक्कम आहे."

"तुम्हाला भक्कम आहे. तुम्ही हात धुऊन येईस्तोवर मी ते उघडीन." त्यांनी कपाटावरून नजर काढली. "उघडीन म्हणजे, उघडीनच. मला आवरत नाही."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं.

"चौकापलीकडे एक कुलूपवाला आहे," उस्ताद पुढे म्हणाले. "सगळीकडे मला शिव्या देत फिरतो. त्याच्याकडून घ्या. त्याची कुलपं मला उघडता येत नाहीत." मग लेकीकडे वळून, डोळे बारीक करत, "हे त्याला कळलं तर मी घरात पाऊल ठेवू देणार नाही तुला."